गादीखालची अकरा पुस्तकं

मूर्तिजापूर मागे पडलं तरी गाडीत कोणी बोलेना, तेव्हा शकुनच्या लक्षात आलं की आपण अकोल्याला सहज म्हणून निघालेलो नाही.

मनोज गाडी चालवताना सहसा गप्प बसत नसे. कोणाच्या मळ्यात शेवंतीवर अळी पडली, पातूरची फुलं आज किती उशिरा उतरली, बाजारात कोण कोणाशी भांडलं, सगळं तो स्टिअरिंगवर हात ठेवून सांगायचा. आज बडनेऱ्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं. पुढच्या सीटवर सीमा रुमालाची घडी मोडत होती आणि पुन्हा घालत होती.

शकुनला तिचे हात दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. समोर पाहिलं की मधोमध करडा डाग यायचा आणि माणसाचं तोंड त्यात नाहीसं व्हायचं. कडेचं तेवढं दिसायचं. मनोजचा कान, खिडकीबाहेर कापून उभी केलेली तूर, रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर स्पष्टच सांगितलं होतं की चालणं-फिरणं जमेल, पण छापलेलं अक्षर आता वाचता यायचं नाही. त्याच संध्याकाळी मनोजने तिच्या मोबाइलमध्ये भजनं आणि कीर्तनं भरून दिली होती आणि कानात घालायचे इयरफोन आणले होते.

“मनोज, भाऊची तब्येत बरी हाये ना?” तिने विचारलं.

“बरी हाये, आई.”

“मंग?”

“प्रतीक्षाचं जरा बोलायचं हाये. मामानं बोलावलं.”

“काय झालं तिले?”

“काही नाई झालं. तू कायले काळजी करतं?”

 पण काळजी शकुनला गुरुवारपासूनच होती. रोज दुपारी चारला वाजणारा फोन गुरुवारी वाजला नव्हता. शुक्रवारी तिने स्वतः लावला, तर नात हळू आवाजात एवढंच म्हणाली होती, “आजी, सध्या नको. मी सांगते नंतर.” शनिवारीही फोन आला नाही. आणि आज रविवारी, कधी नाही ते, दुकान बंद ठेवून मनोज सगळ्यांना अकोल्याला घेऊन निघाला होता.

*

अकोल्यात शेषरावांच्या स्वयंपाकघरात प्रतीक्षा लसूण सोलत बसली होती. गीतांजलीकाकूने पाटोड्यांचं पीठ शिजायला ठेवलं होतं. या घरात राहायला येऊन प्रतीक्षाला दीड वर्ष झालं होतं. शेषराव म्हणजे आजीचे मोठे भाऊ, तिचे आबाजी. गीतांजली त्यांची सून. तिचा नवरा कुंदन नोकरीनिमित्त बाहेरगावी असायचा. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास अकोल्यात चांगले आणि आबाजी स्वतः निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून अकरावीतच बाबांनी तिला इथे आणून सोडलं होतं.

“अजूनबी सांग मले,” गीतांजली झारा हलवत म्हणाली. “मी कोणाले सांगणार नाई. एखादा मुलगा हाये का?”

“नाई काकू.”

“मंग रोज चार वाजता क्लासच्या जिन्यात बसून कोणाशी बोलतं तू?”

 प्रतीक्षा नखात शिरलेली लसणाची साल काढत राहिली.

गुरुवारी आबाजींनी गाद्या उन्हात टाकायला काढल्या. तिच्या गादीखाली अकरा पुस्तकं निघाली. जुनी, पिवळी पडलेली, काही पाठीचा दोरा सुटलेली. मुखपृष्ठावर सुरी घेतलेला हात, अर्ध्या उघड्या दाराआडून पाहणारी बाई, पाण्यावर तरंगणारी टोपी. आबाजी रागावले नाहीत. त्यांनी ती पुस्तकं दोन खेपांत खाली आणली, आपल्या काचेच्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि अमरावतीला फोन केला. मग क्लासमध्ये गेले. तिथे त्यांना कळलं की पोरगी रोज चारच्या सुट्टीत अर्धा तास फोनवर असते, आणि सहा शनिवार शंका विचारायच्या तासाला आलेली नाही. सराव परीक्षेत पाचशे वीस पडायचे, ते चारशे तीसवर आले होते.

या सगळ्याची सुरुवात पावसाळ्यात झाली होती. स्टेशनकडे इनायतुल्लाचाचांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. जीवशास्त्राचं एक पुस्तक पाहायला म्हणून ती गेली आणि वाट पाहता पाहता हाताला लागलेली एक कादंबरी चाळू लागली. विसाव्या पानावर तिच्या अंगावर काटा आला. आतून कडी लावलेली खोली, मेलेला मालक आणि पलंगाखाली ओली चप्पल. ही गोष्ट तिला पाठ होती. ती पाच-सहा वर्षांची असताना आजी दुकानाच्या ओट्यावर हार गुंफता गुंफता सांगायची. आजीच्या गोष्टीत तो जहागीरदार होता, या पुस्तकात गिरणीचा मालक. चप्पल तीच होती.

तिने तिथूनच फोन लावला होता. “आजी, तुह्या जहागीरदाराची गोष्ट इथी पुस्तकात छापली हाये.”

 पलीकडे आजी हसली. “शेवट हाये का व त्याले? माह्याजवळच्याले नव्हता.”

तेव्हा प्रतीक्षाला कळलं. दुकानात फुलं बांधायला रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यात वर्तमानपत्रं असायची, जुन्या वह्या असायच्या, आणि कधीतरी एखादी फाटकी रहस्यकथा. आजी ती बाजूला काढून पिठाच्या डब्यामागे ठेवायची आणि सगळे दुकानात गेले की वाचायची. चाळीस वर्षं. बहुतेक पुस्तकांची शेवटची पानं गेलेली असायची, म्हणून खुनी कोण ते आजी स्वतःच ठरवायची. आजोबांना हे माहीत होतं. ते बोलायचे काही नाहीत, पण गठ्ठा सोडताना असलं पुस्तक दिसलं की वरती ठेवायचे.

डोळे गेले तेव्हा प्रतीक्षा म्हणाली होती, “मी वाचून दाखवीन.” आजीने एकच अट घातली होती. “माह्यं नाव कोणाले सांगजो नको. सारे समजतात मी कीर्तन ऐकून राहिली. या वयात हसं कायले करून घेऊ?”

बाहेर गाडीचं दार वाजलं. गीतांजलीने गॅस बारीक केला. “आले व,” ती म्हणाली. “जे खरं असन ते सांगून टाकजो.”

*

मनोजला मामांच्या बैठकीत बसलं की अजूनही शाळेत बसल्यासारखं वाटायचं. काचेच्या कपाटात चरित्रं, कोश, भाषणांचे खंड, सगळं उंचीप्रमाणे लावलेलं. घरातल्या प्रत्येक पोराला वाढदिवसाला मामांकडून एक चरित्र यायचं. मनोजलाही आली होती, दहा-बारा. वाचलं एकही नव्हतं. बारावीनंतर वडिलांसोबत तो फुलबाजारात उभा राहिला, तो तिथेच राहिला. मुलीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे त्याने ती चौथीत असतानाच ठरवलं होतं.

शेषरावांनी कपाट उघडून पुस्तकं टेबलावर दोन रांगांत मांडली. शहात्तर वर्षांचे होते, पण पाठ ताठ होती आणि बोलणं अजून वर्गातलं.

“ही अकरा. मी एकेक चाळून पाहिलं. कोणत्याही मुलीनं, त्यातून डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीनं, वेळ घालवावा असं यात काही नाही. मी तिला किती चांगली पुस्तकं दिली. ती तशीच पडून आहेत.”

प्रतीक्षा भिंतीला टेकून उभी होती. शकुन खुर्चीवर होती. तिने हात पुढे करून एका पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. हे मनोजने पाहिलं, पण त्याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही.

“आनतं कुठून?” त्याने मुलीला विचारलं.

“स्टेशनजवळून. जुनी हायेत, दहा-वीस रुपयाले एक मिळते.”

“आन रोज चार वाजता फोन कोणाचा असतो?”

ती टेबलावरच्या पुस्तकांकडे पाहत राहिली.

“मी काय विचारून राहिलो, प्रतीक्षा?”

“तसं काही नाई, बाबा.”

“मंग कसं हाये ते सांग.” त्याचा आवाज चढला, तसा त्याने तो मुद्दाम खाली आणला. “हे पाय. नागपूरच्या बाजूला एक निवासी क्लास हाये. मी बोललो त्यांच्याशी. मोबाइल नाई, बाहेर जानं नाई. रविवारी दहा मिनिटं घरच्यांशी बोलू देतात. उद्याच तुले नेऊन घालतो.”

“परीक्षेले चार महिने राहिले भाऊजी,” स्वयंपाकघराच्या दारातून गीतांजली म्हणाली. “आता जागा बदलली त अजून बिघडन तिचं.”

“तुम्ही मध्ये नका बोलू,” शेषराव म्हणाले. “तुमच्या डोळ्यांदेखत हे झालं.”

गीतांजली दारातच उभी राहिली. सीमाने तिच्याकडे पाहिलं. येताना गाडीत सीमाचंही मत नागपूरचंच होतं. आता लेकीचा उतरलेला चेहरा पाहून तिचा धीर सुटायला लागला होता. “एकदा तिले नीट विचारू तरी,” ती हळूच म्हणाली.

“विचारूनच राहिलो ना.” मनोज उठला आणि त्याने हात पुढे केला. “फोन दे इकडे. कोणाचा नंबर हाये ते मी पाहतो.”

प्रतीक्षाने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती आजीकडे पाहत नव्हती. मुद्दामच पाहत नव्हती, हे मनोजला नंतर आठवलं.

“तिच्या हातचा फोन घेऊ नको, मनोज,” शकुन म्हणाली. “त्यात माहा नंबर हाये.”

“तुहा?”

“चार वाजताचा फोन मले असते. थे पुस्तकं माह्यासाठी आनते ती. वाचून दाखवते मले. मीच सांगतलं होतं तिले, कोणाले सांगू नको म्हनून.”

मनोज हात पुढे केलेला तसाच उभा राहिला. दुपारी खाटेवर पाय पसरून, कानात इयरफोन घालून, डोळे मिटून बसलेली आई त्याला आठवली. जाता-येता तो तिच्याकडे पाहायचा आणि त्याला बरं वाटायचं. डोळे गेले तरी आईचं मन देवात लागलं, असं तो बाजारात दोघा-चौघांना सांगूनही आला होता.

“तू कीर्तन ऐकत होती ना, आई?”

“ऐकलं. दोन दिवस ऐकलं. मंग झोप लागे मले.” तिने आवाजाच्या दिशेला मान वळवली. “मले खुनाच्या गोष्टी आवडतात, मनोज. पहिल्यापासून आवडतात. तुह्या बापाले मालूम होतं.”

सीमाच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. गीतांजलीने पदर तोंडाला लावला. पण शेषराव खुर्चीत पुढे सरकले होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“शकुन, वयाचा तरी विचार करायचा. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू तिच्या हाती हा कचरा देतेस. तुझी ती लहानपणापासूनची सवयच आहे. त्याच्यापायीच बाबांनी तुझी शाळा—”

ते थांबले. वाक्य अर्धवट राहिलं. मनोजला वाटलं मामांना ठसका लागला, पाणी द्यावं का. पण ते नुसतेच बसले होते, उजवा हात टेबलावरच्या पुस्तकांवर ठेवून.

“शाळेचं काय?” सीमाने विचारलं. “आई त म्हणतात, त्यायले अभ्यास आवडत नव्हता.”

*

अठ्ठावन्न वर्षांत शेषराव हे वाक्य मनात अनेकदा बोलले होते. बाबांनी पुस्तकापायी शकुनची शाळा सोडवली. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते बोलता यायचं. पण बहिणीच्या तोंडावर, तिच्या लेकासुनेसमोर ते आज पहिल्यांदा बोलत होते. शकुन समोरच बसली होती. तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तरी ती त्यांच्याकडे पाहत होती आणि पुढचे शब्द येण्याची वाट पाहत होती.  ते पुन्हा तसंच बोलून गेले असते तर तिने ते चालवूनही घेतलं असतं. हे त्यांना कळलं आणि त्यांची जीभ अडली.

“गीतांजली, पाणी दे जरा,” ते म्हणाले.

पाणी प्यायले. पेला हातातच ठेवला.

“थे पुस्तक माहं होतं,” ते म्हणाले.

कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून लहानपणची, पातूरकडची बोली आली होती. गीतांजलीने चमकून पाहिलं.

“कोणतं पुस्तक, मामा?” मनोजने विचारलं.

“मी अकोल्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाले होतो. शकुन आठवीत. होस्टेलमधे पोरं असे पुस्तकं फिरवत. एक मी घरी आनलं. वरतं एका बाईचं चित्र होतं. बाबाच्या हाती लागलं असतं त माहं कॉलेज बंद झालं असतं. म्हनून मी थे हिच्या दप्तरात ठेवलं. पोरीचं दप्तर कोन पाहते, असं मले वाटलं.” त्यांनी पेला खाली ठेवला. “रविवारी सकाळी बाबाले पत्र लिहायचं होतं. पेन्सिल पाह्यजे म्हनून त्यायनं दप्तर उघडलं.”

नत्थुजींचा, त्यांच्या वडिलांचा, आवाज कधी मोठा होत नसे. पुस्तक हातात धरून त्यांनी अंगणात नुसतं विचारलं होतं, कोनाचं हाये. तेरा वर्षांची शकुन शेवंतीच्या टोपल्या भरत होती. शेषराव विहिरीवरून आला होता, हातात बादली होती.

“मी म्हटलं, तिच्याच दप्तरात हाये त तिचंच असन.” शेषरावांनी वर पाहिलं नाही. “येवढंच म्हटलं. एकच वाक्य. बाबानं दप्तर फळीवर ठेवून देलं. सोमवारपासून ही फुलं तोडाले जाऊ लागली. शाळेतल्या बाई दोनदा घरी आल्या, पोरगी पहिली येते म्हनून सांगाले. बाबा नाही म्हणाले. मी ठरवलं होतं, महिन्यानं बाबाचा राग उतरला की सांगतो. मंग परीक्षा आली. मंग हिची सोयरीक झाली.”

 प्रतीक्षाचे हात खाली आले होते.

“बावीस वर्षं हेडमास्तर होतो मी. मुलीले शिकवा म्हनून गावोगाव बोललो. लोक म्हणत, शेषराव गुरुजी पोटतिडकीनं बोलतात. आन आता हिच्या नातीले मीच...”  त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

“मले मालूम होतं भाऊ,” शकुन म्हणाली.

“काय मालूम होतं?”

“पुस्तक तुहं हाये हे. दप्तर माहं, त्यात काय हाये हे मले मालूम नसन का? आदल्या रात्रीपासून वाचत होती मी थे. अर्धं झालं होतं.”

“मंग तुह्या बाबाले सांगितलं काहून नाई?” मनोजने विचारलं. मामांसमोर त्याने आवाज चढवला तो आयुष्यात पहिल्यांदाच. “तुही शाळा गेली, आई.”

“सांगून काय झालं असतं? भाऊचं कॉलेज गेलं असतं. मी वाचतच होती, म्हनून माही शाळाबी गेलीच असती.” ती थोडी थांबली. “आन मले वाटलं, भाऊ सांगन. संध्याकाळपर्यंत सांगन. मंग वाटलं, सोमवारी अकोल्याले जायच्या आधी सांगन. पुढच्या शनिवारी आला तवाबी वाटलं. मंग मी वाट पाहनं सोडून देलं.”

शेषरावांनी मान हलवली. ते म्हणाले, “तुले राग आला असन.”

“आला होता. लय वर्षं होता. मनोज झाला तवा तू बाळंतविडा घेऊन आला, तवा मी तुह्याशी बोलली नव्हती, तुले वाटलं अंगात ताप हाये. मंग लेकरं झाले, दुकान झालं, मानूस गेला. आता हाये का नाई, ते मी पाहलं नाई. नसन म्हनून सांगता येत नाई मले.” तिने खुर्चीच्या हातावर हात फिरवला. मग एकदम विचारलं, “त्यात खून कोनं केला होता?”

“काय?”

“त्या पुस्तकात. वकिलाच्या बायकोचा. मी अर्ध्यात होती.”

शेषराव तिच्याकडे पाहत राहिले. “मीबी पूर्ण वाचलं नव्हतं,” ते म्हणाले. “बाबानं चुलीत टाकलं.”

शकुन हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. बाकी कोणाला हसू आलं नाही, कारण शेषराव रडत होते.

*

मनोज अंगणात जाऊन गाडीपाशी उभा राहिला. त्याला मामांचा राग आला होता आणि आईचाही. आपल्याला इतकी वर्षं काही माहीत नव्हतं याचा सगळ्यात जास्त आला होता. आईला अभ्यास आवडत नव्हता, म्हणून आपल्यालाही आवडत नाही, असं त्याने लहानपणी स्वतःला समजावलं होतं.

थोड्या वेळाने सीमा आली. “नागपूरले नको पाठवू तिले,” ती म्हणाली.

“सकाळी तूच हो म्हटलं.”

“सकाळी मले वाटलं, पोरगा हाये कोणी. आता मालूम झालं ना, काय हाये ते. तिनं आपल्या आजीचं नाव झाकलं, मनोज. तू हात पुढे केला तरी सांगितलं नाई. तिले दुसऱ्या गावी कोंडून आपण काय शिकवणार?”

मागे प्रतीक्षा येऊन उभी होती. “बाबा, एक सांगायचं हाये. मार्क आजीमुळे नाई कमी झाले. तिले वाचून दाखवाले अर्धाच तास लागते. शनिवारचे तास मी बुडवले. पुढं काय होते ते राहवत नव्हतं, म्हणून गच्चीवर बसून वाचत होती. सहाही शनिवार.”

मनोजने तिच्याकडे पाहिलं. हे तिने सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. सगळा दोष आजीच्या प्रेमावर घालून ती सुटून गेली असती.

“परीक्षा होईपर्यंत पुस्तकं बंद,” तो म्हणाला. “शनिवारचा एक तास जरी बुडला तरी मी येईन आणि घेऊन जाईन. कबूल?”

“कबूल. पण आजीचं काय? आमचं एक अर्ध्यात हाये.”

जेवताना तोच विषय निघाला. पाटोड्यांचा रस्सा झणझणीत झाला होता आणि सगळे त्याच्या निमित्ताने नाकं पुसत होते. सीमा म्हणाली, मी वाचीन, पण दुपारी दुकानात मीच असते. गीतांजली म्हणाली, मी रविवारी वाचू शकते. मनोजने रस्सा वाढून घेतला. त्याला वाचायची सवय नव्हती, आणि आईला ते माहीत होतं.

“मी वाचीन,” शेषराव ताटाकडे पाहत म्हणाले. “रोज चार वाजता. मला काय काम असतं?”

शकुनने घास चावून संपवला. “तुले आवडतीन का असे पुस्तकं?”

“नाही आवडत.”

“मंग वाच,” ती म्हणाली आणि सीमाला तिने अजून एक भाकर मागितली.

*

सोमवारी चारला दहा मिनिटं असताना शेषरावांनी टेबल आवरलं. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. प्रतीक्षाने क्लासला जाताना पुस्तकात खूण घालून ठेवली होती आणि कागदावर आतापर्यंतची सगळी पात्रं लिहून दिली होती, कोणाचा कोणावर संशय आहे त्यासकट. त्यांनी ती यादी दोनदा वाचली.

फोन लागला. “शकुन, ऐकू येतंय का?”

“येते. कर सुरू.”

ते वाचू लागले. शाळेत परिपत्रक वाचावं तसं, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून. दोन पानं झाल्यावर शकुन म्हणाली, “येवढं दमानं नको वाचू. तो इन्स्पेक्टर जिना चढून राहिला, तू त्याले थकवून टाकशील.” त्यांनी वेग वाढवला. आणखी दोन पानं गेली. कारखानदाराची धाकटी मुलगी आणि तो छायाचित्रकार जिन्यात भांडत होते. वीज गेली होती. शेषरावांची नजर पुढच्या ओळींवर गेली आणि ते थबकले. त्यांनी घसा खाकरला, पान उलटलं आणि वाचायला लागले, “सकाळी वाड्यासमोर पोलिसांची गाडी उभी होती.”

“भाऊ,” शकुन म्हणाली, “तू पान गाळलं.”

“नाही गाळलं.”

“आत्ता थे दोघं जिन्यात भांडून राहिले होते. आन एकदम सकाळ झाली?”

“कथेला त्याची काही गरज नाही, शकुन. उगाच घातलेलं आहे.”

“गरज हाये का नाई, ते मी ऐकून ठरवीन.”

स्वयंपाकघरात गीतांजली भांडी लावत होती. शेषराव उठले. त्यांनी बैठकीचं दार लोटलं, कडी लावली आणि परत येऊन खुर्ची टेबलाजवळ ओढली. पान मागे उलटलं. त्यांचे कान तापले होते.

“वीज गेली, तशी ती दोन पायऱ्या खाली आली,” त्यांनी सुरुवात केली.

“आवाज येत नाई.”

त्यांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, आणि मग ते सगळं पान, एकही शब्द न गाळता, आपल्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलं.